एका फॉर्मला तीन बटणे: सर्व्हरला कळणार कसे?

गोव्यातल्या काणकोणच्या एखाद्या होमस्टेचा बुकिंग फॉर्म घेऊ. नाव, फोन, येण्याची तारीख आणि खाली तीन बटणे: ‘रद्द करा’, ‘मसुदा ठेवा’, ‘बुकिंग पक्के करा’. पाहुणा फोन नंबर टाकतो आणि बटणाला हात न लावता एंटर दाबतो. बुकिंग रद्द!

यात ब्राउझरचे काही चुकलेले नाही. मजकुराच्या चौकटीत एंटर दाबला की तो फॉर्मचे पहिले सबमिट (फॉर्म पाठवणारे) बटण दाबले गेले असे धरतो. पहिले म्हणजे एचटीएमएलमध्ये (पानाच्या सांगाड्याच्या कोडमध्ये) आधी लिहिलेले. सीएसएसने (मांडणीच्या कोडने) ते पडद्यावर कुठेही सरकवले तरी हा क्रम तोच राहतो. म्हणून ‘पक्के करा’ कोडमध्ये सर्वांत आधी लिहा, आणि ‘रद्द करा’ला सरळ वेगळा फॉर्म द्या. आणखी एक खाच: बटन टॅगला (बटण बनवणाऱ्या एचटीएमएलच्या खुणेला) टाइप म्हणजे प्रकार दिला नाही तर ते सबमिटच ठरते. तारखेजवळचे कॅलेंडर उघडणारे बटण असे राहून गेले, तर एंटरचा मान त्यालाच मिळतो.

सर्व्हरकडे फक्त दाबलेल्या बटणाला कोडमध्ये दिलेले नेम (नाव) आणि व्हॅल्यू (मूल्य) जातात, बाकीच्यांचे नाही. सगळ्या बटणांना एकच नेम, उदाहरणार्थ ‘काम’, आणि वेगवेगळ्या व्हॅल्यू द्या; सर्व्हरवरचे फ्रेमवर्क (तयार कोडचा साचा) जँगो असो वा लाराव्हेल, ‘काम’मध्ये काय आले ते पाहून वाट ठरवता येते. नेम ‘सबमिट’ मात्र कधीच ठेवू नका: जावास्क्रिप्टमधले फॉर्मचे त्याच नावाचे फंक्शन झाकले जाते आणि ते चालेनासे होते.

गोव्यात भाषेचा प्रश्न हमखास येतो. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीलाही जागा राहिली, त्यामुळे एकच फॉर्म दोन-तीन भाषांत लागतो. बटन टॅगऐवजी इनपुट टॅगने बनवलेल्या सबमिट बटणात व्हॅल्यू हेच दिसणारे नाव असते. ‘पाठवा’चे ‘धाडात’ झाले की सर्व्हरवरची तुलना फसते. रेल्स या फ्रेमवर्कमध्ये ‘कमिट’ या नेमखाली बटणावरचा मजकूरच येतो, तिथे विशेष जपावे. बटन टॅगमध्ये दिसणारा मजकूर वेगळा आणि व्हॅल्यू वेगळी, म्हणून तोच वापरावा.

मसुद्याच्या बटणाला ‘फॉर्मनोव्हॅलिडेट’ (ब्राउझरची तपासणी वगळणारा गुणधर्म) लावा, नाहीतर तारीख रिकामी असताना ब्राउझर मसुदाही अडवतो. सर्व्हरवरही मसुद्यासाठी सैल नियम हवेत.

दोनदा क्लिक टाळायला सबमिट होताना बटण डिसेबल (निष्क्रिय) केले, तर त्याचे नेम-व्हॅल्यू जातच नाहीत. डिसेबल करणे क्षणभर पुढे ढकला. स्क्रिप्टमधून पाठवायचे असेल तर ‘रिक्वेस्टसबमिट’ या फंक्शनला ते बटण द्या, साधे ‘सबमिट’ फंक्शन बटणही विसरते आणि तपासणीही करत नाही.

आणि ‘काम’ आलेच नाही किंवा अनोळखी आले, तर सर्व्हरने काहीही रद्द न करता भरलेला फॉर्म परत दाखवावा.