वावरातली माती की बाटलीतली भुकटी: छोट्या रणगाड्यांवरच्या धुळीची पार्श्वभूमी

१:३५ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचा, प्लास्टिकचा रणगाडा जोडून आणि रंगवून झाला की त्यावर धूळ-चिखल कशाचा चढवायचा, यावर विदर्भातल्या मॉडेलवाल्यांत दोन तट आहेत. एक तट बाटलीतल्या रंगभुकटीचा, दुसरा वावरातल्या मातीचा. बाहेरच्या जगात हा वाद बाटलीच्या बाजूने केव्हाच मिटला. इथे तो मिटत नाही, कारण एनॅमलचे वॉश आणि थिनर ज्वलनशील म्हणून विमानाने येत नाहीत, रस्त्याने रखडत येतात, आणि माती दाराशी पडलेली असते. पण हे कारण वरवरचं झालं. खरं कारण मातीतच आहे.

माप कुठून आलं हे बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. १९६१ च्या सुमारास एका जपानी कंपनीने मोटरवर चालणारा पँथर हा जर्मन रणगाडा काढला. आत बॅटऱ्या, मोटर आणि गिअरबॉक्स मावतील एवढं धड केलं आणि ते माप १:३५ च्या आसपास पडलं. त्याआधीची मापं फूट-इंचाच्या हिशेबातली: १:७२ म्हणजे एका इंचात सहा फूट, १:७६ म्हणजे खेळण्यातल्या रेल्वेचा एका फुटाला चार मिलिमीटरचा हिशेब. १९६८ पासून त्याच कंपनीने १:३५ मध्ये सैनिकांची आणि वाहनांची मालिका सुरू केली आणि बाकीच्यांना तेच माप धरावं लागलं. पुढे मोटर गेली, पण जुन्या साच्यांतून आजही येणाऱ्या डब्यांत (सुट्या भागांच्या संचांत) खालच्या धडाला स्विचची भोकं तशीच असतात. ती अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिक पत्र्याने आतून बुजवून घ्यावी लागतात.

मोटरच्या काळात मळकटपणाला फारसा अर्थ नव्हता. खेळणं चालायचं, अंगणातली धूळ आपोआप बसायची. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या काही डब्यांत देखावा कसा उभारावा याचे छापील कागद येऊ लागले आणि दोन रीती सगळीकडे पसरल्या. पहिली वॉशची: पातळ केलेला गडद ऑइल रंग खाचांत सोडायचा. दुसरी ड्रायब्रशची: ब्रशवरचा रंग फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि कडांवरून हलकेच फिरवायचा. धुळीसाठी चित्रकारांचे कोरडे पेस्टल खडू किसून लावत, नाहीतर सरळ बागेतली माती. बाटलीतली भुकटी तेव्हा दुकानात नव्हतीच. म्हणजे मातीचा वापर हा काही वऱ्हाडी जुगाड नव्हे, तीच जुनी रीत आहे.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत ड्रायब्रशचा अतिरेक झाला. प्रत्येक नट, प्रत्येक कड पांढुरकी, जसं गाडीवर पीठ सांडलंय. त्याच सुमारास जोडणी मात्र सुधारली. रणगाड्याच्या चाकांवरचे विनाइलचे पट्टे जाऊन सुट्या कड्यांचे आले, ही मोठी गोष्ट होती. विनाइलमधलं मऊपणाचं द्रव्य पॉलिस्टायरीनच्या चाकांना खातं. पट्टा ज्या चाकाला टेकतो तिथे काही वर्षांत खळगा पडतो, चाक चिकट होतं. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत हे लवकर घडतं. जुना डबा जोडायचा असेल तर चाकांच्या कडेला रंग आणि वर वार्निशचा जाड थर द्यावा, किंवा पट्टेच बदलावेत.

२००० नंतर सूत्रं स्पेनकडे गेली. फिल्टर (सगळ्या पृष्ठावर रंगाचा अगदी पातळ हात), एकाच रंगाच्या पाच-सहा छटांनी पृष्ठ उजळवणं, हेअरस्प्रेवर रंग देऊन तो ओरबाडणं आणि शेवटी रंगभुकटीच्या बाटल्या, हे सगळं दहाएक वर्षांत आलं. भुकटी म्हणजे बहुतांशी लोहाची ऑक्साइडं: कण मायक्रॉनच्या आसपास, रंग उन्हात न उडणारा. पुढच्या दहा वर्षांत चिखल, तेलाचे डाग, पावसाचे ओघळ, सगळं तयार बाटलीत मिळू लागलं. याने काम सोपं झालं यात शंका नाही. पण पॅरिसपासून पुलगावपर्यंत सगळे रणगाडे एकाच धुळीने मळू लागले, हेही तितकंच खरं.

विदर्भातल्या खेड्यात या नव्या रीती जशाच्या तशा उतरल्या नाहीत. पहिली अडचण विजेची. भारनियमनाच्या काळात रंग फवारणाऱ्या एअरब्रशच्या कॉम्प्रेसरच्या भरवशावर रंग कालवून बसणं शक्य नव्हतं, त्यामुळे ब्रशने होणाऱ्या जुन्या रीती इथे जास्त टिकल्या. पुढे जुन्या फ्रीजच्या कॉम्प्रेसरला हवेची टाकी जोडून काम होऊ लागलं. त्याला तेल आणि पाणी गाळणारी बाटली लावायलाच हवी, नाहीतर रंगात तेलाचे डोळे उठतात.

दुसरी अडचण रंगाची. हार्डवेअरच्या दुकानात एनॅमल मिळतो, गाड्यांच्या रंगाच्या दुकानात एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग आणि एनसी थिनर. एनसीवर एनॅमल चालतो, एनॅमलवर एनसी मारला तर खालचा थर फुगून सुरकुततो. आणि एनसी ओला करून थेट प्लास्टिकवर मारला तर बारीक रिव्हेट विरघळतात. आधी प्रायमर आणि मग धुक्यासारखे पातळ तीन-चार हात, दोन हातांत दहा मिनिटं, असं केलं तर निभतं. वॉशसाठी एमटीओ, म्हणजे दुकानातलं साधं टर्पेंटाइन, चालतं. पण त्याखालचा रंग एनॅमल नको, तो सुटून येतो.

तिसरी अडचण हवेची. नवतप्यात पारा ४५ च्या पुढे गेला की रंग वाटेतच सुकतो आणि पृष्ठावर खरखर बसते. अ‍ॅक्रिलिकमध्ये रिटार्डरचे (सुकणं लांबवणाऱ्या द्रव्याचे) चार-पाच थेंब टाकावेत, फवारणी पहाटे करावी. हेअरस्प्रेची रीत तर दुपारी करूच नये. वरचा अ‍ॅक्रिलिक इतका कडक सुकतो की पाणी खाली पोचत नाही आणि ओरबाडताना पापुद्रे निघण्याऐवजी नुसते चरे पडतात. पहाटे रंग द्यावा, वीस-तीस मिनिटांत पाणी फिरवून आखूड केसांच्या ब्रशने काम उरकावं. पावसाळ्यात उलट. हेअरस्प्रे चिकटच राहतो, आणि एनसीचा थर दमट हवेत पांढरा पडतो.

आता मातीकडे. बाटलीवाल्यांचा पहिला आक्षेप कणाचा, आणि तो बरोबर आहे. १:३५ मध्ये अर्ध्या मिलिमीटरचा कण म्हणजे साडेसतरा मिलिमीटरचा दगड. चाळणीने चाळलेली माती रणगाड्यावर टाकली की मुरूम पसरल्यासारखी दिसते ती याचमुळे. पण काळ्या मातीचा मूळ कण मोठा नसतोच. तिच्यातली चिकणमाती दोन मायक्रॉनच्या आतली असते, बाटलीतल्या भुकटीच्या तोडीची. मोठं असतं ते तिचं ढेकूळ, आणि तिच्यातले चुनखडीचे खडे. ते वेगळे करायला चाळणी उपयोगाची नाही, पाणी लागतं.

ढेकळं रात्रभर पाण्यात भिजू द्यावीत. सकाळी हाताने कालवून काचेच्या उभ्या भांड्यात पाण्याची उंची दहा सेंटिमीटर होईल इतकं भरावं. जोरात ढवळावं आणि ४५ सेकंद थांबावं. तेवढ्यात ०.०५ मिलिमीटरपेक्षा मोठं बहुतेक सगळं तळाला बसतं. वरचं गढूळ पाणी लगेच दुसऱ्या भांड्यात ओतावं आणि तळाचा गाळ फेकावा. गढूळ पाणी निवळायची वाट पाहू नये, काळ्या मातीचं पाणी रात्र उलटली तरी निवळत नाही. ते पसरट परातीत ओतून उन्हात ठेवावं. मे महिन्यात दोन उन्हांत पापुद्रे सुटतात, ते खलबत्त्यात कुटून मलमलीतून गाळले की भुकटी तयार. उरलेला सगळ्यात मोठा कण मापात पावणेदोन मिलिमीटरचा, म्हणजे जाड्या वाळूएवढा.

मग ती तव्यावर मंद आचेवर अर्धा तास परतावी. यात गवताचं बी आणि बुरशी मरते. न परतलेल्या मातीवर श्रावणात पांढरी लव उगवलेली दिसते. आच मात्र मंदच हवी. जास्त तापली तर मातीतलं लोह विटकरी रंग धरतं, वीटभट्टीत होतं तेच.

दुसरा आक्षेप फुगण्याचा, आणि मातीवालेही इथेच सर्वाधिक फसतात. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आकसते. उन्हाळ्यात वावरात भेगा पडतात त्याच भेगा रणगाड्याच्या पोटावरही पडतात. देखाव्यातल्या जमिनीच्या पाटीवर त्या शोभतात, पोलादी पत्र्यावर नाही. शिवाय कडेला पाण्याच्या खुणा उरतात. उपाय साधा आहे: पाणी टाळायचं. हीच भुकटी टर्पेंटाइनमध्ये कालवली तर फुगत नाही. धुळीच्या पातळ थराला नुसतं टर्पेंटाइन पुरतं. भुकटी कोरडीच ब्रशने ठेवायची, शेजारी टर्पेंटाइनचा थेंब टेकवायचा, तो आपोआप ओढला जातो. धरून राहायला हवी असेल तर टर्पेंटाइनच्या दहा थेंबांत मॅट एनॅमल वार्निशचे दोन थेंब. जास्त वार्निश पडलं की माती कायमची ओली दिसते.

जाड चिखल पाण्यावरच करावा लागतो. तिथे दोन चमचे भुकटी, एक चमचा भिंतीची पुट्टी, अर्धा चमचा पांढरा डिंक, पाणी थेंबाथेंबाने. सुतळीचे तंतू एक-दीड मिलिमीटरचे कातरून त्यात घातले की गवत-काडीही होते आणि भेगाही अडतात. एका वेळी एक मिलिमीटरपेक्षा जाड थर देऊ नये. डिंकामुळे सुकल्यावरही छटा एक-दोन पायऱ्या गडद राहते, म्हणून वर कोरड्या भुकटीचा हात फिरवावा लागतोच.

चिखल कुठे बसतो हे पाहायला युद्धाचे जुने फोटो धुंडाळण्यापेक्षा पांदण रस्त्याचं काम चालू असेल तिथला पोकलेन पाहावा. पट्ट्याच्या कड्यांमधे माती ठासून भरते, जमिनीला टेकणारी बाजू घासून चकाकते. बाहेरचा थर आधी सुकून राखाडी होतो आणि लाद्यांनी गळून पडतो, आत मात्र दिवसभर काळाच राहतो. हा दोन रंगांचा चिखल बाटलीतल्या एकाच छटेने येत नाही. टी-३४ आणि टी-५५ या रशियन रणगाड्यांना वरची आधारचाकं नसतात, पट्टा मोठ्या चाकांवरच झोपतो, त्यामुळे वरची माती तिथेच आणि मडगार्डच्या खाली साचते. ब्रिटिश बनावटीच्या सेंच्युरियनला आधारचाकंही आहेत आणि बाजूचे पत्रेही, तिथे माती पत्र्यामागे दडते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: आपली माती आपल्या गावाची, रणगाडा भलतीकडचा. हे मान्यच करायला हवं. १९७१ च्या बसंतरच्या लढाईतला सेंच्युरियन शकरगडच्या गाळाच्या जमिनीवर लढला, १९६५ मध्ये असल उत्तरला पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फसले ते पंजाबच्या पाणी सोडलेल्या शेतांत. तिथली माती फिकट, भुरी. तिच्यावर वर्ध्याची काळी माती चढवणं म्हणजे सरळ चूक. उलट १९४३ च्या कुर्स्कच्या रणगाड्याला विदर्भाची काळी माती बाटलीतल्या पिवळट ‘रशियन धुळी’पेक्षा जवळची आहे, कारण तिथलीही जमीन काळीच. तिचा काळेपणा सेंद्रिय, आपल्या मातीत सेंद्रिय अंश कमी, म्हणून आपली सुकल्यावर जास्त राखाडी दिसते. चिमूटभर काजळी आणि थोडा तपकिरी रंग घातला की फरक भरून निघतो.

पंजाबसाठी भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांधीतली फिकट माती घ्यावी. तिच्या तीन भागांत रंगाच्या दुकानातली पिवडी अर्धा भाग आणि पाटीवरच्या खडूची भुकटी एक भाग. गेरू टाळावा, चिमूटभरानेही धूळ कोकणातली वाटू लागते. खडूऐवजी चुना कधीच नको, तो अल्कधर्मी असल्याने खालचे काही रंग बदलतो. रांगोळीही नको, तिचा कण मोठा आणि चमकणारा असतो.

अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातली माती मात्र कुठल्याही रणगाड्याला लावू नये, कितीही धुतली तरी. तिच्यातले क्षार पावसाळ्यात ओल धरून पांढरे वर येतात आणि सुट्या धातूच्या पट्ट्यांवर भुरी चढते. चढली तर पट्टा काढून टर्पेंटाइनने नव्हे, पाण्याने दोनदा धुवावा, क्षार टर्पेंटाइनमध्ये विरघळत नाहीत. मग पूर्ण सुकवून, प्रायमर देऊन दुसऱ्या मातीने पुन्हा मळवावा.