हलत्या यंत्रभागांचे इष्टतमीकरण : गतिसदृशीकरणातील भारांवरून

यंत्र चालत असताना त्याच्या एखाद्या भागावर क्षणोक्षणी पडणारे भार संगणकावर यंत्र 'चालवून' काढायचे आणि ते भार पेलायला लागेल तेवढाच धातू, लागेल तिथेच ठेवून त्या भागाचा आकार ठरवायचा, अशी ही अभिकल्पाची पद्धत आहे. पिंपरी-चिंचवड, चाकण, हिंजवडीच्या अभिकल्प कार्यालयांत 'गतिसदृशीकरण' (संगणकावर यंत्र चालवून पाहणे) आणि 'इष्टतमीकरण' (कमीत कमी धातूत आकार बसवणे) हे शब्द सहसा कानावर पडत नाहीत; तिथे चालतात ते मल्टीबॉडी, मोशन आणि ऑप्टिमायझेशन.

पुलावरचा भार मुख्यतः बाहेरून येतो. हलत्या भागाचे तसे नसते. त्यावरच्या भाराचा मोठा वाटा त्याच्या स्वतःच्या आणि शेजारच्या भागांच्या जडत्वातून निर्माण होतो. पिस्टन आणि क्रँकशाफ्ट जोडणारा कनेक्टिंग रॉड हे याचे उत्तम उदाहरण. छोट्या पेट्रोल इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची सरक, 60 मिमी, रॉडची लांबी 107 मिमी आणि वेग मिनिटाला 8,000 फेरे धरू. वरच्या टोकाला पिस्टन उलटतो तेव्हा त्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे 2,750 पट असते. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून 150 ग्रॅम भरत असतील, तर त्या क्षणी रॉडवर सुमारे 4,000 न्यूटनची ओढ येते, म्हणजे चार क्विंटल वजन टांगल्यासारखीच. वेग निम्मा केला तर ही ओढ चौथ्या हिश्शावर येते.

शिवाय सगळे भार एकाच क्षणी येत नाहीत. स्फोटाच्या वेळी वायूच्या दाबाने रॉड दाबला जातो. उत्सर्जनाच्या शेवटी, वर पिस्टनला अडवणारा दाब जवळजवळ नसताना, तो ताणला जातो. क्रँक आणि रॉड काटकोनाच्या जवळपास असताना रॉडच्या मधल्या भागाला आडवा हिसका बसून तो वाकू पाहतो. त्यामुळे फक्त 'सर्वांत मोठे बल' उचलून त्यावर आकार बेतला, तर दिशा हातातून सुटतात. गतिसदृशीकरण पूर्ण फेऱ्याचा हिशेब देते, आणि त्यातले नेमके कोणते क्षण निवडायचे हे अजूनही माणसालाच ठरवावे लागते.

हे भार घेतल्यावर नवशिका हमखास करतो ती चूक म्हणजे रॉडचे एक टोक घट्ट धरणे आणि दुसऱ्यावर बल लावणे. खऱ्या इंजिनात रॉड कुठेच घट्ट धरलेला नसतो. मग संगणक त्या खोट्या आधाराभोवती धातू रचतो आणि चित्र दिसायला सुंदर येते. फ्रेंच गणितज्ञ द'आलांबेर यांनी 1743 मध्ये मांडलेले तत्त्व इथे कामाला येते: सांध्यांवरची बले आणि भागाच्या प्रत्येक कणाचे जडत्वबल एकत्र धरले की हलता भागही त्या क्षणापुरता समतोलात आहे असे मानता येते. कार्यालयात याला 'इनर्शिया रिलीफ' म्हणतात. भाग इतका लवचीक असेल की त्याच्या कंपनांनी भारच बदलावा, तर मात्र तो दृढ मानून चालत नाही. अशा भागाची लवचीकता मोजक्या कंपनप्रकारांत आणून गणितात घेण्याची रीत क्रेग आणि बॅम्प्टन यांनी 1968 मध्ये दिली.

धातू कुठे ठेवावा हे ठरवणारी आजची पद्धत 1988 मधल्या बेंडसो आणि किकुची यांच्या कामातून वाढली. उपलब्ध जागेचे बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येकाची घनता हा एक चल मानायचा आणि ठरलेल्या वजनात जास्तीत जास्त ताठपणा शोधायचा. इथे एक अडचण आहे. गतीतले भार हजारो क्षणांचे असतात आणि इष्टतमीकरणाला स्थिर भारांची थोडीच प्रकरणे परवडतात. म्हणून काही वेळा समतुल्य स्थिर भार काढतात: त्या क्षणी भागाचे जे विस्थापन झाले, तेच स्थिर अवस्थेत घडवून आणणारी बले.

रॉड हलका झाला की जडत्वबल घटते, म्हणजे ज्या भारांवर आकार काढला तेच शिळे होतात. पुन्हा सदृशीकरण, पुन्हा आकार. एकूण हलत्या वजनात त्या भागाचा वाटा थोडा असेल तर हे चक्र लवकर स्थिरावते. ताठपणावर बेतलेले साधे गणित बकलिंग, म्हणजे दाबाखाली दांडा एकाएकी बाजूला झुकणे, मात्र पाहत नाही. दाबाखाली झुकू शकणारा बारीक दांडा ते बिनदिक्कत सुचवते. ती तपासणी वेगळी करावी लागते, धातूच्या शिणवट्याचीही, म्हणजे पुन्हापुन्हा भार पडून तडा जातो का याचीही.

दुचाकीच्या स्विंगआर्मला, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या हलत्या भुजेला, तर भार रस्ताच देतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर लांब आणि 10 सेंमी उंच असतो. ताशी 25 किमी वेगाने चाक तो साधारण अर्ध्या सेकंदात ओलांडते. गल्लीतले गतिरोधक हे मानक वाचून बांधलेले नसतात, हे पुणेकराला सांगायला नको. म्हणून गाडीवर संवेदक लावून नोंदलेले भार सदृशीकरणात घालणे अधिक भरवशाचे.

संगणकाने दिलेला आकार बहुधा फांद्यांसारखा असतो आणि तो जसाच्या तसा घडवता येत नाही. फोर्जिंगमध्ये तापलेला धातू डायमध्ये, म्हणजे साच्यात, ठोकून घडवतात; त्या डायमधून घडलेला भाग सुटायला हवा, त्यासाठी भिंतींना ढाळ हवा, आत पोकळ्या चालत नाहीत. या अटी सुरुवातीलाच घातल्या तर वजनाची बचत कमी दिसते, पण ती खरी असते. 1961 मध्ये स्थापन झालेल्या मुंढव्याच्या भारत फोर्जमध्ये घडवले जातात तसल्या क्रँकशाफ्टपर्यंतही हा हिशेब पोचतो: रॉडचे वजन बदलले की क्रँकच्या प्रतिवजनाचे मापही नव्याने काढावे लागते.