तार बदलली आणि पत्ता गेला

दिवाळीनंतर जळगाव जिल्ह्यात चोपड्याला मामांच्या जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यावर गेलो, तेव्हा मामा वजनकाट्याच्या केबिनमध्ये लॅपटॉपपुढे कपाळाला हात लावून बसले होते. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली आणि इथे एकच प्रश्न, "काबर उना नही रे मेल?" (का नाही आला रे मेल?) कोइमतूरच्या दलालाने रुईच्या गठाणींचा सौदा मेलवर पाठवला होता. एकदा नव्हे, दोनदा. शेवटी कंटाळून त्याने आपल्याकडे काय परत येतंय त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. इंग्रजीच्या सहा-सात ओळी, आणि मधोमध एक आकडा: ५५०.

त्या आकड्यात सगळी गोष्ट होती. जूनमध्ये मामांनी टेलिफोनच्या तारेवरचं जुनं ब्रॉडबँड सोडून गावातल्या केबलवाल्याचं फायबर घेतलं होतं. स्वस्त, वेगवान, आणि बिघडलं तर पोरगा मोटरसायकलवर दहा मिनिटांत हजर. तक्रार करावी असं काहीच नाही. पण मेलचा पत्ता जुन्या कंपनीनं कनेक्शनसोबत फुकट दिलेला होता. बारा वर्षं तोच लेटरपॅडवर, बिलबुकावर, गेटवरच्या पाटीवर, बँकेत, जीएसटीच्या नोंदणीत. कनेक्शन तुटल्यावर काही महिन्यांनी कंपनीनं मेलची पेटीही बंद केली. तसं कळवलंही होतं म्हणे. मेलवर!

पत्त्याच्या मधोमध जो @ असतो तो १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्यानं निवडला. त्याआधी निरोप एकाच संगणकावरच्या दुसऱ्या माणसाला ठेवता यायचा. टॉमलिन्सननं तो दुसऱ्या संगणकावर पोचवला. माणसाचं नाव आणि संगणकाचं नाव वेगळं दिसावं म्हणून त्याला एक खूण हवी होती, जी कुणाच्या नावात येणार नाही. आपल्याकडे या खुणेला अजून 'ॲट द रेट' म्हणतात, कारण बिलबुकात ती आधीपासूनच होती: इतके क्विंटल @ इतके रुपये. मामांच्या पत्त्यात @च्या डावीकडे होतं त्यांच्या जिनिंगचं नाव आणि उजवीकडे कंपनीचं. म्हणजे पाटी मामांची, घर कंपनीचं.

आता पत्र कसं जातं ते बघू. १९८० च्या दशकात यूयूसीपी नावाच्या जाळ्यावर मेल पाठवायचा तर सगळी वाटच पत्त्यात लिहावी लागे: या संगणकावरून त्या, तिथून पुढच्या, मध्ये मध्ये उद्गारचिन्हं. जळगावहून चोपडा एसटी धर, स्टँडवर उतर, मारुतीच्या देवळामागून डावीकडे वळ, असा पत्ता पाकिटावर लिहिण्यासारखं. मधला एक संगणक बंद पडला की पत्ताच चुकीचा. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिसनं डोमेन नावांची पद्धत, म्हणजे डीएनएस, मांडली: @च्या उजवीकडच्या नावावरून मशीन शोधून देणारी जणू यादीच. मग १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिजनं तिच्यात मेलसाठी नेमकी सोय लिहून काढली. तिला एमएक्स नोंद म्हणतात. एका ओळीची नोंद: 'या नावाची टपाल अमुक मशीन घेतं.'

मला विचाराल तर मेलच्या सबंध इतिहासातली ही सर्वात शहाणी ओळ. पत्ता आणि वाट इथे एकमेकांपासून सुटले. पत्ता कायम ठेवा, वाट हवी तेव्हा बदला. पाठवणारा दर वेळी डीएनएसला विचारतो, 'या नावाची टपाल सध्या कोण घेतं?' आणि जे उत्तर मिळेल तिकडे जातो. काल एक मशीन, आज दुसरं. पत्र लिहिणाऱ्याला याची खबरही नसते.

मशीन सापडलं की दोन्ही बाजूंचं बोलणं सुरू होतं. त्याची रीत, एसएमटीपी, जॉन पोस्टेलनं १९८२ साली लिहिली आणि थोड्याफार दुरुस्त्यांनिशी आजही तीच चालते. मराठीत आणलं तर कोइमतूरचा मेल असा काहीसा बोलला असणार:

"नमस्कार, मी कोइमतूरच्या अमुक सर्व्हरवरून."
"२५०. बोला."
"पत्र या दलालाकडून."
"२५०."
"चोपड्याच्या या जिनिंगला द्यायचंय."
"५५०. अशी पेटी इथे नाही."

संपलं. पहिला आकडा २ असेल तर काम झालं. ४ असेल तर 'आत्ता नाही, मागून या', मग पाठवणारा सर्व्हर थांबून थांबून पुन्हा येतो. निदान चार-पाच दिवस खेटे घालावेत असं नियमावलीच सांगते. ५ म्हणजे कायमचा नकार. पाठवणाऱ्याकडे ती परतपावती जाते आणि निम्मे लोक तिला जाहिरात समजून पुसून टाकतात. मामांच्या दलालानं पहिल्यांदा तेच केलं होतं.

इथे माझ्या मामेभावानं रास्त शंका काढली. मोबाईलची कंपनी बदलली तरी नंबर तोच राहतो, मग मेलचा पत्ता का नाही? भारतात नंबर सोबत नेण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे. तिथेही युक्ती एमएक्सच्याच जातीची: फोन लावताना आधी एका सामाईक यादीत बघतात की हा नंबर सध्या कुणाकडे आहे. पण नंबरात कंपनीचं नाव नसतं आणि सोबत नेऊ द्या असा नियम आहे. मेलच्या पत्त्यात @च्या उजवीकडे कंपनीचं नावच बसलेलं असतं. त्या नावाची एमएक्स नोंद बदलायचा अधिकार फक्त कंपनीचा, आणि ती बदलली तर तिच्या सगळ्याच ग्राहकांची टपाल हलेल. एकट्या मामांसाठी ते कोण करणार? अभियंत्यांनी १९८६ मध्ये सोडवलेली गाठ आपण कंपनीचा फुकट पत्ता घेऊन पुन्हा मारतो, ती अशी.

ही सवय जुनी आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा कनेक्शन आणि मेलपेटी जोडीनंच यायची; दुसरीकडे पत्ता घ्यावा हे सुचायलाही जागा नव्हती. पुढच्याच वर्षी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल काढलं, तेही ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी. इंटरनेट कंपनीच्या दावणीतून मेल सुटला, हे त्या तारखेतून सांगायचं होतं. कुठल्याही ब्राउझरमधून आपली पेटी उघडायची, तार कुणाची का असेना.

म्हणून साधा उपाय आहेच: जीमेल, रेडिफमेल, आउटलुक, काहीही घ्या. घरगुती माणसाला एवढं पुरे. पण हेही भाड्याचंच घर, घरमालक तेवढा मोठा आणि बरा. गूगलनं डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकायला सुरुवात केली आहे. वर्षानुवर्षं न उघडलेला आजोबांचा पत्ता बँकेत दिला असेल, तर अधूनमधून उघडून ठेवा.

धंदा असेल तर मी स्वतःच्या डोमेनचा आग्रह धरेन. शेवटी .इन असलेलं नाव वर्षाला सहसा हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतं. .भारत असं देवनागरीतलंही २०१४ पासून मिळतं. मोह मलाही झाला, पण देवनागरी पत्ता दिसला की कित्येक फॉर्म 'चुकीचा ईमेल' म्हणून अडतात, तेव्हा धंद्याचा मुख्य पत्ता रोमन अक्षरांतच असू द्या. नाव आपलं झालं की एमएक्सची ती ओळ आपल्या हातात येते. पेटी आज एका कंपनीकडे ठेवा, उद्या दर वाढवले तर दुसरीकडे. ओळ बदलली की काही तासांत, फार तर दिवसा-दोन दिवसांत, टपाल नव्या दारात. जुनी पत्रं मात्र आपोआप येत नाहीत, ती आधी उतरवून घ्यावी लागतात.

डोमेन घेताना दोन खड्डे आहेत. आपल्या भागात वेबसाईट करून देणारा पोरगा डोमेन स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या नावानं घेतो. लबाडी नसते, सोय असते. पण तो पुण्याला नोकरीला गेला की नावही पुण्याला जातं. नोंदणी आपल्या नावानं आहे ना, ते स्वतः उघडून पाहा. दुसरा खड्डा जास्त खोल. नूतनीकरणाची आठवण ज्या पत्त्यावर येते तो पत्ता त्याच डोमेनचा ठेवू नका. किल्ली घरात आणि घराला कुलूप! मुदत टळून नाव सुटलं की ते कुणीही विकत घेऊ शकतो, आणि मग त्या नावाची सगळी टपाल बिनबोभाट त्याच्याकडे जाते. पासवर्ड बदलायची लिंकसुद्धा. तिथे ५५० येत नाही, २५० येतो, आणि हे जास्त भयंकर.

त्या दिवशी आम्ही दुपारभर बसून मामांसाठी .इनचं नाव घेतलं, पेटी जोडली, आणि पहिला मेल कोइमतूरला धाडला. बँकेत आणि जीएसटीत पत्ता बदलायला पुढचे पंधरा दिवस गेले. जुन्या लेटरपॅडचे तीन गठ्ठे शिल्लक होते. मामांनी टाकू दिले नाहीत. आता त्या कागदांच्या पाठीमागे काट्याची वजनं लिहितात, आणि गाडीवाला पावती उलटी करून विचारतो, "शेठ, हाऊच ना तुमना पत्ता?"