झिगझॅग शिवणयंत्र

झिगझॅग शिवणयंत्र : सुई वर-खाली होत असताना तिला आडवा झोकाही देऊन नागमोडी टाका घालणारे शिवणयंत्र. साध्या यंत्रात सुई एकाच उभ्या रेषेत चालते, दाते कापड पुढे सरकवतात आणि सरळ टीप पडते. झिगझॅग यंत्रात सुईदांडा एका टाक्याला डावीकडे आणि पुढच्या टाक्याला उजवीकडे कलतो. दोरे मात्र दोनच असतात, वरचा रिळाचा व खालचा बॉबिनचा, आणि ते कापडाच्या जाडीत एकमेकांत अडकण्याची पद्धतही सरळ टिपेचीच असते. टाक्यांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात (आयएसओ ४९१५) सरळ टिपेला (लॉकस्टिच, म्हणजे दोन दोऱ्यांचा एकमेकांत अडकणारा टाका) ३०१ व झिगझॅगला ३०४ हे क्रमांक आहेत; दोन्ही एकाच वर्गातले.

या टाक्याचा मुख्य गुण ताणण्याचा आहे. टाक्याची लांबी २ मिमी. व रुंदी ४ मिमी. ठेवली, तर कापड २ मिमी. पुढे जाते तेवढ्यात सुमारे ४.५ मिमी. दोरा तिरका पडतो. कापड ओढले की हा तिरका दोरा सरळ होऊ पाहतो, म्हणून टीप लगेच तुटत नाही. होजिअरी, इलॅस्टिक आणि तिरप्या कापाचे कापड यांना झिगझॅग लागतो तो यासाठी. दुसरा गुण कड बांधण्याचा. एक टाका कापडात आणि दुसरा कडेच्या अगदी बाहेर पडला, की सुटणारे धागे दोऱ्याखाली दाबले जातात.

रचना : झोका देण्याचे काम एक कॅम (उंचसखल कडेची फिरणारी चकती) करतो. मुख्य दांड्याच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते, कारण डावा व उजवा असे दोन टाके मिळून एक आवर्तन पूर्ण होते. सुई कापडाबाहेर असतानाच झोका पूर्ण व्हावा लागतो. कापडात असताना सुई सरकली तर ती वाकते किंवा मोडते. रुंदीची चकती फिरवून झोक्याचे माप ठरते. जुन्या घरगुती यंत्रांत ते ४ ते ५ मिमी. पर्यंत असे, आता ७ मिमी. सर्रास आढळते आणि काही महागड्या यंत्रांत ९ मिमी. पर्यंत जाते.

खरी अडचण सुईच्या झोक्यात नसून खालच्या हुकात, म्हणजे वरचा दोरा पकडून बॉबिनभोवती फिरवणाऱ्या भागात आहे. सुई तळाला जाऊन साधारण २ ते २.५ मिमी. वर उचलली गेली की तिच्या पाठीमागे वरच्या दोऱ्याचा छोटा फासा फुगतो. हुकाचे टोक नेमके त्याच क्षणी तेथून जाऊन तो फासा पकडते. सरळ यंत्रात ही गाठभेट दर वेळी एकाच जागी होते. झिगझॅगमध्ये सुई कधी डावीकडे असते, कधी उजवीकडे. हुकाची गती मात्र बदलत नाही. समोरून पाहता हुकाचे टोक वरच्या बाजूस उजवीकडून डावीकडे जात असेल, तर उजव्या टाक्याला ते लवकर पोचते आणि नेढ्याच्या बऱ्याच वरून जाते. डाव्या टाक्याला ते उशिरा पोचते. तोवर सुई आणखी वर आलेली असते व टोक नेढ्याच्या जवळून जाते. रुंदी वाढवत नेली तर एक वेळ अशी येते की डावीकडचा फासा हुकाला सापडतच नाही. घरगुती यंत्राची कमाल रुंदी मोठ्या प्रमाणात या तडजोडीने बांधली गेली आहे. रुंद झिगझॅगला फक्त एकाच बाजूचे टाके सुटत असतील, तर ताण बदलत बसण्यापेक्षा आधी सुई बदलावी आणि तरीही सुटले तर हुकाचे टायमिंग कारागिराकडून तपासून घ्यावे, ते यामुळेच.

याच कारणाने हुकाची दिशाही बदलावी लागली. आपल्याकडच्या काळ्या, जुन्या घाटाच्या यंत्रात हुक डाव्या बाजूला तोंड करून असतो आणि सुईत दोरा बाजूने ओवला जातो. सुई डावी-उजवी झुलू लागली तर अशा हुकापासून तिचे अंतर दर टाक्याला कमी-जास्त होईल. म्हणून बहुतेक झिगझॅग यंत्रांत हुकाची पातळी झोक्याशी समांतर ठेवतात, किंवा हुक आडवा बसवून बॉबिन वरून टाकण्याची सोय करतात, आणि सुईत दोरा पुढून मागे ओवतात. पायमशीनवर वर्षानुवर्षे शिवलेल्या हातांना नव्या यंत्रावर पहिली चूक होते ती येथेच.

सुई न झुलवताही नागमोडी टीप घालता येते. सरळ यंत्राच्या दाबदांड्याला (कापड दाबणारा पाय धरणाऱ्या दांड्याला) लावायचे जोडसाधन सुईदांड्याच्या हालचालीवर चालते आणि सुईऐवजी कापडच डावीकडे-उजवीकडे ढकलते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिंगर कंपनीने अशी साधने विकली. नंतरच्या प्रकारांत कॅम बदलून वेगवेगळ्या नक्ष्याही निघत. वजनदार कापडावर त्यांची पकड ढिली पडते. तरी जुने चांगले यंत्र न टाकता झिगझॅग मिळवण्याचा हा स्वस्त मार्ग आहे.

उगम : झिगझॅग यंत्राचे श्रेय लोकप्रिय लेखनात बहुधा अमेरिकेतील हेलन ऑगस्टा ब्लँचर्ड (१८४०–१९२२) यांना दिले जाते. मेन राज्यातील पोर्टलंडच्या या संशोधिकेला शिवणयंत्रातील सुधारणेचे पेटंट ऑगस्ट १८७३ मध्ये मिळाले. पुढे १८८१ च्या सुमारास फिलाडेल्फिया येथे ब्लँचर्ड ओव्हरसीम कंपनी निघाली. त्यांच्या नावावर एकूण अठ्ठावीस पेटंटे सांगितली जातात व त्यांतील बहुतेक शिवणाशी संबंधित आहेत.

तथापि ‘पहिले झिगझॅग यंत्र’ हे बिरुद जपून वापरावे लागते. ब्लँचर्ड यांचा रोख ओव्हरसीमिंगकडे, म्हणजे कडेवरून टाका घेऊन शिवण पक्की करण्याकडे होता. काज करणाऱ्या यंत्रांना त्याआधी, १८६० च्या दशकातच पेटंटे मिळू लागली होती आणि काजाच्या कडेला टाका आलटून-पालटून पडावाच लागतो. जर्मन याद्यांत कायझर्सलाउटर्न येथील कायझर यांच्या १८८२ च्या सुमाराच्या यंत्राला अग्रमान दिलेला आढळतो. कड बांधणारा टाका, काजाचा टाका आणि कापडाच्या मध्यावर हव्या त्या रुंदीने पडणारा झुलत्या सुईचा टाका या तीन गोष्टी वेगळ्या धरल्या, तर हा वाद बराचसा मिटतो. ब्लँचर्ड यांचे स्थान पहिल्या गटात निर्विवाद मोठे आहे. तिसऱ्याचे जनकत्व एकाच व्यक्तीकडे देणे कठीण आहे.

एवढे मात्र स्पष्ट दिसते की पन्नासएक वर्षे हे यंत्र कारखान्यातच राहिले. अंतर्वस्त्रे, कॉर्सेट आणि शिडांचे कापड शिवणाऱ्यांना त्याची गरज होती; घरी सरळ टीप पुरत असे. घरगुती झिगझॅग यंत्रे १९३० च्या दशकात युरोपात पुढे आली. इटलीतील पाविया येथील नेक्की, जर्मनीतील फाफ आणि स्वित्झर्लंडमधील बर्निना या तिन्ही नावांना निरनिराळ्या ठिकाणी पहिलेपणाचा मान दिला जातो. बर्निनाचे यंत्र १९३८ चे मानतात, इतर दोन त्याआधी काही वर्षांची. सिंगरने ब्रिटनमधील कारखान्यात याच दशकात झुलत्या सुईचे घरगुती यंत्र बनवले, पण अमेरिकी बाजारात ते जोमाने उतरवले नाही. ती पोकळी दुसऱ्या महायुद्धानंतर नेक्कीने भरून काढली.

कॅमच्या थाळ्या घालून अनेक नक्ष्या काढणारे एल्ना सुपरमॅटिक (१९५२) हे जिनेव्हाचे यंत्र पुढचा टप्पा मानले जाते. अनेक कॅमच्या या यंत्रांवरून अमेरिकेत मोठा खटला झाला. सिंगर, स्वित्झर्लंडची गेगाउफ (बर्निनाचे उत्पादक) आणि इटलीची विगोरेल्ली यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास पेटंटांबाबत आपसांत करार केले. गेगाउफने आपला अमेरिकी पेटंटअर्ज सिंगरच्या नावे करून दिला. स्वस्त जपानी झिगझॅग यंत्रे अमेरिकी बाजाराबाहेर ठेवणे हा त्यामागचा एक हेतू होता, असे ठरवून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये सिंगरविरुद्ध निकाल दिला. स्पर्धाविरोधी कायद्याच्या अभ्यासात हा निकाल आजही वाचला जातो. शिवणाच्या इतिहासात त्याची दखल कमी घेतली जाते, हे खेदजनक आहे. एका टाक्यासाठी तीन देशांतील कंपन्या एकत्र आल्या, यावरूनच त्या बाजाराचे मोल कळते. १९७५ च्या सिंगर अथेना २००० पासून नक्ष्यांचे काम कॅमकडून इलेक्ट्रॉनिक मंडलांकडे जाऊ लागले.

भारतात : कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सची उषा यंत्रे १९३० च्या दशकापासून आहेत, पण ती दीर्घकाळ सरळ टिपेचीच होती. घरगुती झिगझॅग यंत्र मध्यमवर्गात पसरले ते बरेच नंतर, उषा-जानोमे, सिंगर व ब्रदर यांच्या विजेवरच्या हलक्या यंत्रांमुळे. महाराष्ट्रात या टाक्याची ओळख त्याआधीच, साडीमुळे झालेली होती. ‘फॉल-बिडिंग’ किंवा ‘पिको-फॉल करून मिळेल’ अशी पाटी नसलेली पेठ सापडणे अवघड. साडीच्या दोन्ही टोकांच्या कापलेल्या कडा बारीक दुमडून त्यांवर दाट, अरुंद झिगझॅग घालणे म्हणजे पिको. फॉल आतल्या बाजूने लावतात. त्याची खालची कड यंत्रावर आणि वरची बहुधा हातानेच. हे काम करणारी दुकानातील यंत्रे घरगुती यंत्रांपेक्षा जड व वेगवान असतात आणि काहींत गुडघ्याच्या दांड्याने चालता चालता रुंदी बदलता येते. घरच्या यंत्रावर पिको होतो. शिफॉन व जॉर्जेटवर हात बसायला वेळ लागतो.

घरी मांडणी : हलक्या यंत्राला टेबल जड हवे. रुंद झिगझॅगला यंत्र आडवे थरथरते आणि डुगडुगत्या टेबलावर टाके वेडेवाकडे पडतात. भारतातील वीज २३० व्होल्टची आहे. अमेरिकेहून आणलेले ११०–१२० व्होल्टचे यंत्र योग्य क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरशिवाय लावल्यास मोटर जळते.

सुई चपट्या मानेची (बाजारात १५×१, एचए×१ किंवा १३०/७०५ एच या नावांनी मिळणारी) घ्यावी. तिची चपटी बाजू मागे ठेवून ती पूर्ण वर सरकवावी, मग स्क्रू आवळावा. नेढ्यामागील खाच हुकाला जागा देते. वर सांगितलेली गाठभेट त्या खाचेच्या भरवशावर होते. शिफॉनला ९ किंवा ११ नंबर, सुती कापडाला १४, डेनिमला १६ वा १८ आणि होजिअरीला गोल टोकाची सुई असा सर्वसाधारण प्रघात आहे.

दोरा ओवताना दाबाचा पाय वर उचललेला असावा, म्हणजे ताणाच्या चकत्या उघड्या राहतात. पाय खाली ठेवून ओवल्यास दोरा चकत्यांत बसत नाही व कापडाखाली गुंता होतो. हा गुंता बॉबिनचा दोष समजून खालचा स्क्रू फिरवणे ही नेहमीची चूक आहे. झिगझॅगसाठी आडव्या लांब फटीचा पाय व तशीच फटीची पट्टी लागते. सरळ शिवणाचा गोल भोकाचा पाय तसाच राहिला आणि रुंदी वाढवली, तर पहिल्याच टाक्याला सुई मोडते. पेडल दाबण्यापूर्वी हातचाक स्वतःकडे फिरवून एक डावा व एक उजवा टाका पाहून घ्यावा. रुंदी बदलायची ती सुई कापडाबाहेर असतानाच.

ताण त्याच कापडाच्या दुहेरी तुकड्यावर पाहतात. झिगझॅगला वरचा ताण सरळ टिपेपेक्षा थोडा सैल ठेवतात. बॉबिनचा दोरा वर डोकावला तर वरचा ताण आणखी कमी करावा. टाक्याच्या दोन कडांमध्ये कापड फुगून बोगद्यासारखे उठले, तर रुंदी घटवावी किंवा खाली पातळ कागद धरावा व नंतर तो फाडून काढावा. छापील वर्तमानपत्राची शाई फिक्या कापडाला लागते.

उपयोग : कड बांधण्यासाठी रुंदी ३ ते ५ मिमी. व लांबी १ ते २ मिमी. चालते. रुंदी अर्धा-एक मिमी. ठेवली तर दिसायला जवळजवळ सरळ, पण ताणणारी शिवण मिळते. होजिअरीसाठी ती उत्तम. इलॅस्टिकला प्रत्येक तिरक्या बाजूवर तीन छोटे टाके घेणारा प्रकार बरा, तो चपटा बसतो. लांबी अर्ध्या मिमी. पर्यंत आणली की टाके एकमेकांना भिडून साटीन टाका होतो. त्याने ठिगळ, ॲप्लिक व काज होतात. काज म्हणजे साटीनच्या दोन अरुंद ओळी आणि टोकांना रुंद टाके. आधी शिवून मग मधली फट कापतात, आणि कापताना टोकाला टाचणी आडवी लावली तर कात्री पुढे घसरत नाही. दाते खाली करून, भोकांच्या अंतराएवढी रुंदी ठेवून बटणही लावता येते.

बाजारात ज्याला ‘इंटरलॉक’ म्हणतात त्या ओव्हरलॉक यंत्राची बरोबरी झिगझॅग करू शकत नाही. ओव्हरलॉक तीन-चार दोऱ्यांनी कड बांधता बांधता जास्तीचे कापडही छाटते.

देखभाल : हुकाभोवती साचणारा कापसाचा भुगा ब्रशने काढावा, फुंकर मारल्यास तो आत जातो व तोंडातला दमटपणाही लोखंडाला लागतो. तेल शिवणयंत्राचेच, थेंबभर, आणि यंत्राच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच द्यावे. वरून बॉबिन टाकायच्या अनेक यंत्रांत प्लॅस्टिकच्या बॉबिनघराला तेल देत नाहीत. घरात हाताशी असलेले खोबरेल कधीही वापरू नये. ते थंडीत गोठते, काही महिन्यांत चिकट होते आणि सुईदांड्याचा आडवा सांधाच प्रथम धरतो. मग सरळ टीप नीट पडते, झिगझॅग मात्र अरुंद पडतो किंवा अजिबात पडत नाही.