धरणफोड हल्ला, १९४३ : चित्रण आणि वस्तुस्थिती

१६-१७ मे १९४३ च्या रात्री ब्रिटिश वायुदलाच्या ६१७ स्क्वॉड्रनने पश्चिम जर्मनीतील धरणांवर केलेला हल्ला बहुतेकांना ‘द डॅम बस्टर्स’ (१९५५) या चित्रपटातून माहीत आहे. विमानांची संख्या (१९ लँकेस्टर), म्योने व एडर धरणे फुटण्याचा क्रम आणि गाय गिब्सनचे नेतृत्व चित्रपटात बरोबर आहे. पाण्यावर टप्पे घेत धरणापर्यंत जाणाऱ्या बॉम्बचे चित्रण मात्र चुकीचे आहे, कारण त्याची रचना चित्रपट निघाला तेव्हाही गोपनीय होती.

हा बॉम्ब रचणारा अभियंता बार्न्स वॉलिस याने आधी बॉम्बला लाकडी आवरण घालून तो गोल केला होता. चाचणीत पाण्यावर आपटताच आवरणाच्या फळ्या निखळल्या, पण आतले नुसते पोलादी पिंप टप्पे घेत पुढे गेले. मग तेच वापरले. वजन सुमारे ४,२०० किलो, त्यात सुमारे ३,००० किलो टॉर्पेक्स हे स्फोटक. सोडण्याच्या सुमारे दहा मिनिटे आधी त्याला मिनिटाला ५०० फेऱ्यांची उलटी फिरकी देत. चित्रपटात ही फिरकी नाहीच, आणि सगळी युक्ती तिच्यातच आहे. तिच्यामुळे पिंप टप्पे घेत पाणतीरविरोधी जाळ्यांवरून जाई, भिंतीवर आपटून मागे फेकले न जाता तिला चिकटून खाली उतरे आणि सुमारे ९ मीटर खोलीवर पाण्याच्या दाबाने फुटे. उशिरा सोडले तर ते भिंतीवरून उडून पलीकडे पडे. म्योनेवर दुसऱ्या विमानाचे तसेच झाले, खालचे वीजगृह उद्ध्वस्त झाले, धरण उभे राहिले.

बॉम्ब सोडताना लागणारी १८ मीटर उंची साधण्यासाठी विमानाखाली दोन दिवे बसवले होते. पाण्यावर त्यांची वर्तुळे एकमेकांना टेकली की उंची बरोबर. ही कल्पना गिब्सनला नाट्यगृहात सुचल्याचा प्रसंग रचलेला आहे. ती विमान उत्पादन मंत्रालयातील शास्त्रज्ञ बेन लॉकस्पायझर यांनी सुचवली होती.

झोर्पे धरण बहुतेक वर्णनांत ओझरते येते. त्याचा काँक्रीटचा गाभा दोन्ही बाजूंनी मातीच्या भरावात असल्याने टप्प्यांचा उपयोग नव्हता. तिथे भिंतीच्या समांतर उडत, फिरकी न देता बॉम्ब टाकले. धरण टिकले.

सर्वांत मोठी उणीव मृतांच्या बाबतीत आहे. चित्रपट विमानांतले ५६ जण गमावल्याचे सांगतो. प्रत्यक्षात ५३ मेले, ३ कैदी झाले. पुरात मात्र सुमारे १,६०० जण गेले, आणि त्यांत शेकडो सक्तीचे मजूर व युद्धकैदी होते. म्योनेच्या खाली नेहाइमजवळच्या छावणीत कोंडलेल्या सोव्हिएत स्त्रियांना पळायलाही वाट नव्हती. चित्रपटात ती छावणी नाही. सप्टेंबर १९४३ पर्यंत म्योनेची भिंत पुन्हा उभी राहिली, आणि ती बांधली जात असताना तिच्यावर दुसरा मोठा हल्ला झाला नाही.