कमरेचा घेर: ९० की १०२?

पोटावरची चरबी मांड्यांवरच्या चरबीपेक्षा जास्त घातक असते, असं मार्सेतल्या एका फ्रेंच डॉक्टरने १९४७ मध्ये आणि पुन्हा १९५६ मध्ये लिहून ठेवलं होतं. बराच काळ ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या एका गाजलेल्या व्याख्यानात इन्सुलिनला न जुमानणारं शरीर, वाढलेली साखर आणि रक्तदाब एकाच माळेत ओवले गेले; या माळेलाच पुढे ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’ म्हणू लागले. गंमत म्हणजे त्या माळेत लठ्ठपणा नव्हताच!

खरा घोळ झाला तो टेपवरच्या आकड्याचा. हा सिंड्रोम ओळखण्याच्या २००१ च्या अमेरिकी निकषांत पुरुषांसाठी १०२ आणि बायकांसाठी ८८ सेंटिमीटर ही मर्यादा होती. या मापाने आपल्याकडचे ढेरी सुटलेले, साखर-बीपीच्या गोळ्या सुरू झालेले कितीतरी पुरुष ‘नॉर्मल’ ठरत. आशियाई लोकांसाठी ९० आणि ८० हे आकडे २००० मध्येच सुचवले गेले होते, पण त्यांना वजन आलं ते २००५ मध्ये. त्या वर्षी मधुमेहाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने कमरेचा घेर ही अटच केली: घेर जास्त नसेल तर बाकी काहीही बिघडलेलं असो, मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणायचं नाही. जपानसाठी तर पुरुषांना ८५ आणि बायकांना ९० असं उलटंच माप धरलं. त्याच वर्षी अमेरिका आणि युरोपातल्या मधुमेहतज्ज्ञांनी या सिंड्रोमला स्वतंत्र आजार म्हणावं का, अशीच शंका काढली. २००९ मध्ये तडजोड झाली. घेराची सक्ती गेली, तो पाचांपैकी एक निकष उरला, आणि कुठलेही तीन जुळले की पुरे ठरलं. भारतीय तज्ज्ञांनीही त्याच वर्षी ९०/८० स्वीकारलं. माझ्या मते सक्ती काढली ते ठीकच, पण आपल्यासाठी वेगळा आकडा ही त्या भांडणातली खरी कमाई.

तो वेगळा का, याचं उत्तर पुण्याकडे मिळतं. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी बारकी, पण पाठीवरची चरबी जवळपास तेवढीच. २००४ मध्ये एक फोटो छापून आला. त्यात शेजारी शेजारी दोन डॉक्टर, एक इंग्लंडचा, एक पुण्याचा. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र इंग्रजाची ९.१ टक्के, पुणेकराची २१.२.

पोटातल्या या चरबीतून सुटणारी स्निग्धाम्लं थेट यकृतात जातात आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. वाढलेल्या इन्सुलिनमुळे मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, शिवाय चरबीच रक्तवाहिन्या आवळणारी द्रव्यं तयार करते. म्हणून साखर आणि बीपी बरेचदा जोडीनेच येतात.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह, ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आणि ३९.५ टक्क्यांना पोटाचा लठ्ठपणा आढळला. बीएमआयने मोजलेला लठ्ठपणा मात्र २८.६ टक्केच होता. २०२५ च्या सुधारित भारतीय व्याख्येत बीएमआयच्या जोडीला पोटाचा घेर आणि सोबतचे आजारही आले. दवाखान्यात अजूनही वजनकाटा आधी दिसतो, टेप मागावी लागते. मागितलीच तर ती शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायला सांगा. पॅंटचा नंबर चालत नाही, कारण ती ढेरीच्या खाली बांधलेली असते.