सीबी पॉइंटचा गॅप आणि इग्निशन टायमिंग: आधी काय बसवायचं?

डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरना ठिणगी वाटणारा भाग, गॅरेजच्या भाषेत डेल्को) असलेल्या जुन्या गाडीचा पिकअप पडला की पहिला संशय टायमिंगवर येतो. बॉनेट उघडून डेल्कोची बॉडी थोडी इकडेतिकडे फिरवली जाते आणि इंजिन बरं वाजलं की काम झालं असं धरलं जातं. खरा दोष बहुतेक वेळा सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंटच्या, म्हणजे डेल्कोतल्या उघडझाप करणाऱ्या संपर्कांच्या गॅपमध्ये असतो, आणि बॉडी फिरवून तो फक्त झाकला जातो.

गॅप आणि टायमिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉइंट किती वेळ मिटलेले राहणार, म्हणजे ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणाऱ्या कॉइलला भरायला किती वेळ मिळणार, हे गॅप ठरवतो. डिस्ट्रिब्युटरच्या अंशांत मोजलेल्या या मिटलेल्या अवधीला ड्वेल म्हणतात. पिस्टन नेमका कुठे असताना पॉइंट उघडून ठिणगी पडणार, हे टायमिंग ठरवतं.

उदाहरण म्हणून १९६२ साली बाजारात आलेली ब्रिटिश एमजीबी घेऊ. इंजिन १७९८ सीसी, डिस्ट्रिब्युटर ल्युकस २५डी४, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. आपल्याकडच्या अॅम्बॅसॅडरचं १४८९ सीसी इंजिन याच बीएमसी बी-सिरीज घराण्यातलं. त्यामुळे कामाची रीत तिलाही लागू पडते, पण टायमिंगचे अंश तिच्या स्वतःच्या मॅन्युअलमधूनच घ्यावेत.

एमजीबीचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी आणि ड्वेल ६० अंश, तीन इकडेतिकडे. चार सिलिंडरच्या डेल्कोत प्रत्येक ठिणगीच्या वाट्याला ९० अंश येतात. ६००० आरपीएमला सेकंदाला २०० ठिणग्या लागतात, म्हणजे एका ठिणगीला ५ मिलिसेकंद, आणि त्यातले जेमतेम ३.३ मिलिसेकंद पॉइंट मिटलेले. गॅप जास्त ठेवला तर हा वेळ आणखी घटतो, कॉइल अर्धवट भरते आणि गाडी आयडलला ठीक पण जोरात पळवताना मिसिंग करते. गॅप फार कमी असेल तर पॉइंट उघडताना त्यांच्यातच ठिणगी उडते, ते जळतात आणि स्टार्टिंगलाही त्रास होतो.

सगळा घोळ होतो तो इथे: बॉडी फिरवली तर टायमिंग बदलतं, गॅप तसाच राहतो. गॅप बदलला की मात्र टायमिंगही सरकतं. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात आणि उशिरा मिटतात. ड्वेल एक अंशाने घटला तर त्यातला अर्धा अंश उघडण्याच्या बाजूने जातो. क्रँक डिस्ट्रिब्युटरच्या दुप्पट वेगाने फिरतो, म्हणून क्रँकवर टायमिंग पूर्ण एक अंश अॅडव्हान्स होतं, म्हणजे ठिणगी लवकर पडते. पॉइंटची टाच (शाफ्टवरच्या उंचवट्यांच्या कॅमला टेकणारा भाग) कॅमवर झिजते तेव्हा याच्या उलट घडतं: गॅप मिटत जातो आणि टायमिंग रिटार्ड होतं, ठिणगी उशिरा पडते. इंजिन सुस्त होतं, जास्त तापतं, पेट्रोल जास्त खातं. अशा वेळी बॉडी फिरवून टायमिंग परत आणलं तरी आतला गॅप कमीच राहतो आणि पॉइंट जळतच राहतात. म्हणून क्रम एकच: आधी गॅप, मग टायमिंग.

गॅपसाठी डेल्कोची कॅप (झाकण) आणि रोटर (आतला फिरता भाग) काढा. टाच कॅमच्या उंचवट्याच्या अगदी माथ्यावर येईपर्यंत इंजिन फिरवा. लॉक स्क्रू सैल करून फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्टीने) गॅप लावा आणि स्क्रू आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना प्लेट सरकते. वापरलेल्या पॉइंटवर एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टेंगूळ असतं. गेज त्या टेंगळावर टेकतं आणि प्रत्यक्ष गॅप दिसतो त्याहून जास्त राहतो. असे पॉइंट बदला, नाहीतर ड्वेल मीटरवर भरवसा ठेवा. कॅमला ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. कोरड्या कॅमवर टाच लवकर झिजते.

आता टायमिंग. सुरुवातीच्या एमजीबीचं स्टॅटिक टायमिंग, म्हणजे इंजिन बंद असताना लावायचं, टीडीसीच्या (पिस्टन सर्वात वर असतो त्या जागेच्या) आधी १० अंश. डेल्कोवरच्या व्हर्नियरचा (टायमिंग बारीक बारीक बदलण्याच्या सोयीचा) खाचांचा नट मधोमध आणा, म्हणजे पुढे दोन्ही बाजूंना वाव राहील. एक नंबरच्या कॉम्प्रेशनवर, रोटर एक नंबरच्या वायरीकडे असताना, पुलीची खाच १० अंशांच्या खुणेवर आणा, तीही इंजिन सरळ दिशेने फिरवूनच. खूण ओलांडली तर बरंच मागे नेऊन पुन्हा पुढे आणा. टायमिंग चेनचा ढिलेपणा त्यामुळे निघतो. कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरला येणाऱ्या बारीक वायरीचं टर्मिनल आणि अर्थ यांच्यामध्ये १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प जोडून इग्निशन चालू करा. रोटर घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून बॉडी आधी उलट फिरवून लॅम्प विझवा, मग सावकाश सुलट फिरवा. लॅम्प पेटला त्या क्षणी थांबा आणि क्लॅम्प आवळा. पेटलेला लॅम्प म्हणजे पॉइंट उघडले.

टायमिंग लाइटने (ठिणगीबरोबर चमकणाऱ्या दिव्याने) तपासताना डेल्कोला येणारी व्हॅक्यूमची नळी काढून बंद करा. ६०० आरपीएमला १४ अंश दिसायला हवेत. तोवर डेल्कोतल्या, वेगाने बाहेर पसरणाऱ्या सेंट्रिफ्यूगल वजनांनी अॅडव्हान्स द्यायला सुरुवात केलेली असते, म्हणून आकडा १० नाही. चढाला इंजिन खटखटलं तर व्हर्नियरचा नट 'आर'कडे (रिटार्डकडे) फिरवा: ११ क्लिक म्हणजे साधारण एक अंश. एका वेळी एकच अंश उतरवा आणि त्याच चढावर पुन्हा गाडी चालवून बघा.

गॅप अचूक लावूनही टायमिंग लाइटखाली खूण नाचत असेल आणि वेग वाढवताना ड्वेल तीन अंशांपेक्षा जास्त हलत असेल, तर डेल्कोच्या शाफ्टचं बुश झिजलं आहे. रोटर काढून शाफ्ट आडवा हलवला की हाताला खेळ लागतो. बुश बदलेपर्यंत ना गॅप टिकेल, ना टायमिंग.